नणंद-भावजयीचे जॅझचे तवे

स्वातंत्र्य मिळालं त्यानंतरच्या थंडीत दादा महूला गेला होता तो सायकल आणायला. तिथल्या छावणीतले गोरे साहेब घरातलं सामानसुमान विकून विलायतेला निघाले होते, आणि चांगल्या सायकली मिळताहेत असं त्याच्या कचेरीत कुणीतरी सांगितलं होतं. दादा परतला तो टांग्यातून. मांडीवर ग्रामोफोन आणि पायाशी त्याच्या तव्यांनी, म्हणजे तबकड्यांनी, भरलेली जड लाकडी पेटी.

"सायकल कुठाय?" आईनं विचारलं.

"संपल्या. पण हे बघ तर खरं. हिला गाणं आवडतं ना!"

'ही' म्हणजे माझी वहिनी. ग्वाल्हेरची. लग्नाआधी ती रीतसर गाणं शिकली होती. उज्जैनला आमच्या फ्रीगंजच्या घरात आल्यावर तिचा तंबोरा गवसणीत गेला तो गेलाच. मी तिची धाकटी नणंद. मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते आणि लग्न करणार नाही हे घरात एकदाच ठणकावून सांगून मोकळी झाले होते.

पेटीत एकही ओळखीचं गाणं निघालं नाही. सगळे तवे इंग्रजी. चावी भरून आम्ही पहिला लावला तर ट्रम्पेट किंचाळला, मागून क्लॅरिनेट धावत आला, ढोल वाजायला लागला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वरातीत रस्ता चुकलेला बँड दिसतोय." दादानं कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पायी कचेरीत जाऊ लागला.

त्या रविवारी दुपारी वहिनी तांदूळ निवडत होती आणि मी काहीतरी वाजत असावं म्हणून तोच तवा लावला. मधेच तिचा हात थांबला. "वन्सं, परत लावा बरं." मी लावला. ती मांडीवर बोटं मोजत होती. "हा गृहस्थ भरकटत नाहीये. बघा, लांब जातो, जातो, आणि आता... आला! समेवर आला! याला सगळं ठाऊक आहे."

मला समेचं तेव्हा काही कळत नव्हतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. त्या संगीताला जॅझ म्हणतात हे आम्हाला पुढे तव्यांवरच्या बारीक अक्षरांतून समजलं.

मग छंदच लागला. उज्जैनमध्ये असले तवे कोण विकत घेणार? त्यामुळे सगळे आमच्याकडेच यायचे. देवास गेटजवळचा जुन्या सामानाचा दुकानदार आम्हाला लांबून पाहून हाक मारायचा, "बहनजी, अंग्रेजी बाजा आया है, ले जाइए, जगह घेर रखी है!" रेल्वे कॉलनीतली दोन-तीन अँग्लो-इंडियन कुटुंबं देश सोडून गेली, तेव्हा त्यांच्या बंगल्यांतूनही आम्ही पेट्या आणल्या. ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्य भारत झाला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, दादाचे साहेब बदलले. आमचे रविवार तेवढे बदलले नाहीत. वहिनीनं भैरवगढच्या छापील कापडाचे उरलेसुरले तुकडे जोडून प्रत्येक तव्याला पिशवी शिवली.

तवा पारखायला मी शिकले, आणि चांगली शिकले. खिडकीशी तिरका धरायचा: खाचा काळ्याभोर चमकल्या तर उत्तम, राखाडी पडल्या असतील तर जाड सुईनं कुरतडलाय. नखानं कडेला टिचकी मारायची, आवाज बद्द आला तर कुठंतरी तडा आहे. मधल्या कागदाच्या भोवती, जिथं खाचा संपतात, तिथं कोरलेले बारीक आकडे असतात. विलायतेतला मूळ छाप कुठला आणि नंतर कलकत्त्यात पुन्हा काढलेला कुठला, हे त्या आकड्यांवरून आणि कागदाच्या रंगावरून मी सांगू शकायचे. वहिनी यातलं काही बघायची नाही. ती डोळे मिटून ऐकायची आणि "ठेवा" किंवा "नको" म्हणायची, बस.

आमचं पहिलं खरं भांडण एका चिजेवरून झालं. तिचे आमच्याकडे दोन तवे आले, एक मूळ विलायती आणि दुसरा बऱ्याच वर्षांनी कलकत्त्यात काढलेला. एकच नाव, तेच वाजवणारे. मी म्हटलं, "दुसरा ठेवायचं कारण नाही. नक्कल आहे."

"नक्कल नाही. यात क्लॅरिनेट उशिरा येतो."

"वहिनी, छाप पुन्हा काढला तरी वाजवणारे पुन्हा थोडेच वाजवतात? तेच वाजवलेलं असतं ते."

"मग ऐका ना. कान आहेत की नाही?"

दोन्ही पाठोपाठ लावले. मला फरक जाणवला नाही. आईला मध्ये घेतलं तर ती म्हणाली, "दोन्ही सारखेच वाईट." वहिनी हटेना, मीही हटेना. शेवटी दादाचं भिंग आणून मी दोन्ही तवे उन्हात धरले. कोरलेला आकडा दोन्हींवर सारखाच होता, फक्त एकावर त्याच्या शेपटीला एक होता आणि दुसऱ्यावर दोन. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्या मंडळींनी ती चीज दोनदा वाजवली होती, आणि कलकत्त्याच्या छापाला दुसरी खेप वापरली होती.

"वेगळे आहेत," मी म्हटलं.

"ते मी सकाळपासून सांगतेय," वहिनी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून एक पारखी झालो. ही बढाई नाही. इंदूरचे एक प्राध्यापक, ज्यांच्याकडे आमच्या दसपट तवे होते, आमची कीर्ती ऐकून बसनं आले. सभ्य, जाणकार माणूस. त्यांनी पिशव्या एकेक उघडून पाहिल्या, ती जोडी दोनदा ऐकली आणि म्हणाले, "ताई, माझ्याकडे यातला एकच आहे. दुसऱ्याबद्दल मी नुसतं ऐकून होतो." मग ते दर दिवाळीनंतर येऊ लागले. आई त्यांना आवर्जून जेवायला वाढायची, पण बाजा बंद असेल तरच.

नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. दादाची कचेरीही गेली. तिथं सरकारी क्वार्टर मिळणार होतं. आई, दादा, वहिनी जाणार. माझी शाळा इथं, मी राहणार. प्राध्यापकांना कळलं तसे ते आले. "वाटणी करू नका," म्हणाले. "अर्धा संग्रह म्हणजे काहीच नाही. सगळा मला द्या, मी सांभाळीन, तुम्ही हवं तेव्हा या."

"नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो. ते हसले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पण वाटणी करायची कशी? ग्रामोफोन दादानं वहिनीसाठी आणलेला, तो तिचा. त्यावर मी वाद घातला नाही. तवे जमिनीवर पसरून आम्ही आळीपाळीनं एकेक उचलत गेलो. सकाळभर शांतपणे चाललं. शेवटी ती जोडी राहिली.

"हे दोन्ही तू ने," मी म्हटलं. "जोडी फोडायची नाही. फरक तुला ऐकू आला होता."

"आणि भोपाळला मी कुणाशी वाद घालू? तुमच्या दादांशी? ते पहिल्या मिनिटाला घोरतात."

"वहिनी, एकेकट्या तव्याला किंमत नाही गं."

"जोडीला तरी कसली किंमत आहे, वन्सं? दोन माणसं समोरासमोर बसून भांडतील तेव्हाच ना?" मग तिनं कलकत्त्याचा तवा उचलून आपल्या ढिगावर ठेवला. "मी नक्कल घेते," म्हणाली, आणि आम्ही दोघी इतकं हसलो की आई पाहायला आली. हसता हसता वहिनी रडायला लागली. मी रडले नाही, पण तिच्या पिशव्यांना पेटीत नीट बसवायला मला फार वेळ लागला.

टावर चौकातल्या दुकानातून मी स्वतःचा ग्रामोफोन घेतला. पहिले काही महिने मात्र मला काही सुचेना. नवा तवा मिळाला की खिडकीशी धरायचे, आकडे वाचायचे, आणि मग 'ठेवा' की 'नको' हे सांगणारं कुणी नसायचं. तेव्हा मी डोळे मिटून ऐकायला लागले. मांडीवर बोटं मोजत. कुठं चुकते ते कळायचं नाही, तरी पुन्हा लावायचे. एका दुपारी असाच एक मळकट, कडेला टवका उडालेला तवा वाजत होता आणि ट्रम्पेट दूर कुठं जाऊन परतला. तो येणार हे मला आधीच कळलं होतं. मी आपलं बोट मांडीवर आपटलं आणि तो अगदी त्याच क्षणी आला. घरात एकटीच होते, तरी मोठ्यानं "आला!" म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भोपाळला गेले. तवे अंथरुणाच्या वळकटीत गुंडाळून नेले होते. वहिनीला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे तो मळका तवा ऐकला.

"यात काय ठेवण्यासारखं आहे? ढोल वाजवणारा सारखा पुढं पळतोय."

"पळत नाहीये. मुद्दाम ओढतोय ट्रम्पेटला."

"वन्सं, तुम्ही मला शिकवणार?"

"हो," मी म्हटलं. "परत लाव."

तिनं परत लावला. तिसऱ्यांदाही लावला. दादा बाजूच्या खोलीत घोरत होता. वहिनीनं पदर खोचला, माझ्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बरं, दाखवा कुठं ओढतोय ते."