तुळईला कोणी हात लावायचा नाही

आमच्या साइटवरच्या म्हाताऱ्या सुतारांनी, सेंग अंकलनी, सूपचा वाडगा बाजूला सारला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "ती वरची मोठी तुळई ना? ती मी केलीय."

आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, जेवत होतो. माझा घास तोंडातच राहिला. कारण त्या तुळईच्या जोरावर मी एका दाताच्या दवाखान्याला सही करून दिली होती, आणि उद्घाटन तीन आठवड्यांवर आलं होतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. शिकलो पुण्यात, गेली अठरा वर्षं सिंगापूरमध्ये आहे. इमारत काय वजन पेलेल याचं गणित मांडायचं आणि खाली सही ठोकायची, हे माझं काम. ही इमारत म्हणजे चायनाटाउनमधलं एक जुनं शॉपहाउस. खाली दुकान, वर घर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामायिक भिंती. आधी तिथे मिरीचं गोदाम होतं. मग एका चिनी मंडळाचं कार्यालय, मग वेताच्या खुर्च्यांचं दुकान, मग बार. आता दवाखाना होणार होता. अशा इमारतींचा वापर बदलता येतो, पण जुनं लाकूड, जुनी भिंत जपावी लागते. त्यासाठी नेमलेल्या हेरिटेज कन्सल्टंटने रिपोर्टमध्ये ठणकावून लिहिलं होतं की वरच्या मजल्याखालची मधली तुळई मूळची आहे, तिला भोक पाडू नये.

खरं तर असं लाकूड बारीक ड्रिलने तपासतात. पण नको म्हटल्यावर मला बरंच वाटलं. एक काम वाचलं. ती दिसायलाही भारदस्त होती, काळीभोर, तासणीच्या खुणा असलेली. खंडेनवमीला साइटवरच्या अवजारांबरोबर मी तिलाही शिडीवर चढून हळदीकुंकू लावलं होतं. टिचकी मात्र मारली नव्हती.

"कधी केलीत?" मी अंकलना विचारलं.

"बारवाल्यांच्या वेळी. त्यांना स्पीकरच्या वायरी लपवायच्या होत्या. पाडलेल्या घराच्या जुन्या फळ्या आणल्या, चौकोनी पेटी केली. आत काही नाही."

"अंकल, दोन महिने आम्ही त्या तुळईखाली उभं राहून मीटिंगा घेतोय. तुम्ही शेजारी रंधा मारत होता. बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही लाह," अंकल इथल्या सवयीने शेवटी 'लाह' जोडून म्हणाले. "आणि तुम्ही सगळे इतकं छान बोलत होता तिच्याबद्दल."

जेवण तसंच टाकून मी साइटवर गेलो. ड्रिल लावला. एक बोटभर लाकूड, पुढे हवा. भोकातून काळी वायर डोकावली.

आता गणित सांगतो. मजल्याच्या फळ्या ज्यांच्यावर असतात त्या कड्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातात. मध्ये तुळई असेल तर त्यांना अर्ध्यावर टेकू मिळतो. तो टेकूच खोटा निघाला. दवाखान्याच्या चार खुर्च्या, त्यांची कपाटं, माणसं, हे सगळं वरच्या मजल्यावर जाणार होतं. नव्या हिशोबात ते बसेना.

खरं सांगतो, मनात पाप आलं. याच मजल्यावर बारमध्ये लोक नाचले होते आणि काही पडलं नव्हतं. माहीत होतं फक्त अंकलना आणि मला. पण सही केलेल्या कागदाची मला भीती वाटते, आणि ती अजून वाटते याचं बरं वाटतं. मी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बॉसना फोन लावला. मिस्टर गो कमी बोलतात.

"रिपोर्टवर सही कोणाची?"

"माझी."

"मग डॉक्टरांनाही तूच सांग. आज."

डॉक्टर केळकर मूळच्या डोंबिवलीच्या. पंचवीस वर्षं एका मॉलमध्ये त्यांचा दवाखाना होता. तिथली मुदत संपत होती. चौथी खुर्ची त्यांच्या मुलीसाठी होती, ती नुकतीच दातांची डॉक्टर झाली होती. बाई आल्या, अंबाड्यावर हेल्मेट चढवून थेट शिडीवर गेल्या आणि भोकाला डोळा लावला.

"देवधर, ही तुळई बघून मी ही जागा घेतली हो."

"मला माहीत आहे."

"बडा घर पोकळ वासा लहानपणापासून ऐकत आले. बघितला आज. पडेल का मजला?"

"पडणार नाही बहुतेक. पण बहुतेकवर मी सही करत नाही. चूक माझी आहे, तपासायला हवं होतं."

त्या शिडीवरून उतरल्या आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. मला फार वाईट वाटलं.

"माझ्या मुलीला काय सांगू?" त्या म्हणाल्या.

त्या जिन्याकडे पाहून मला एक सुचलं. शॉपहाउसचा जिना चांगलाच उभा असतो.

"तुमच्याकडे येतं कोण जास्त?"

"कवळीवाले. सत्तरीच्या पुढचे."

"ते हा जिना चढणार होते?"

बाईंनी जिन्याकडे वळून पाहिलं. "हे दोन महिन्यांपूर्वी विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"

मी तिथेच नकाशा नव्याने आखायला घेतला. तीन खुर्च्या खाली आल्या. वर ऑफिस, आणि भिंतीला अगदी खेटून चौथी खुर्ची. भिंतीजवळ कड्यांवर ताण कमी येतो, तेवढ्याला नवं गणित हो म्हणत होतं. मुलीला वरची खोली मिळाली आणि जिना चढू शकणारे पेशंट. उद्घाटन दहा दिवस लांबलं. बाई माझ्याशी आठवडाभर इंग्रजीतच बोलल्या.

तुळई राहिली. बारसुद्धा इमारतीच्या इतिहासाचाच भाग, असं कन्सल्टंट म्हणाला. त्याने रिपोर्टमध्ये 'मूळची' खोडून 'नंतरची, उत्तम कारागिरी' असं लिहिलं. ते अंकलनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

गेल्या महिन्यात नवं काम लागलं, पलीकडच्या गल्लीतलं. कन्सल्टंट एका कोरीव खांबासमोर उभा राहून आम्हाला त्याचा काळ सांगत होता. मी हळूच मागे सरकलो, दोन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घेतल्या आणि एक सेंग अंकलच्या हातात दिली.

"अंकल, इथलं तुमचं काय काय आहे?"

त्यांनी एक घोट घेतला, सगळीकडे नजर फिरवली आणि खांबाकडे हनुवटी उडवली.

"तो. पण आधी त्यांचं बोलणं होऊ दे."