साहेबांचे नऊ नकाशे

जर्मनीतल्या एका अनोळखी बाईंचा पहिला मेल मी फसवणुकीचा समजून पुसून टाकला. दुसऱ्या मेलमध्ये माझ्या वडिलांचं नाव होतं आणि आमच्या अलिबागजवळच्या गावाचंही. मग मात्र मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

मी मस्कतमध्ये ड्राफ्ट्समन आहे. लोकांचे व्हिला कॉम्प्युटरवर काढतो आणि मंजुरी मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा काढतो. वडीलही ड्राफ्ट्समनच होते, पण मुंबईत, फोर्टमध्ये, एका ज्यू आर्किटेक्टकडे. सपाट छपराची, नक्षीबिक्षी नसलेली घरं जर्मनीत ज्या पहिल्या काही लोकांनी बांधली, त्यांतले हे साहेब. तिकडे त्यांना ज्यू म्हणून स्वतःच्याच ऑफिसातून हाकललं, आणि त्यांनी काढलेली घरं भागीदाराने आपल्या नावावर छापली. जीव वाचवून मुंबईला आले, तर महायुद्ध सुरू होताच इंग्रजांनी जर्मन म्हणून छावणीत डांबलं. सुटल्यावर त्यांनी नवं ऑफिस थाटलं, पण प्रत्येक खणाला कुलूप आणि सगळ्या किल्ल्या स्वतःच्या खिशात. संध्याकाळी निघताना प्रत्येकाने पिशवी उघडून दाखवायची.

वडील नोकरीला लागून महिना झाला असेल. शनिवारी साहेब कामाला बसलेले पाहून त्यांनी सहज विचारलं, "साहेब, आज शनिवार. तुम्ही पाळत नाही?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "मी कोण आहे हे तुला कोणी सांगितलं? कोणासाठी चौकशी करतोस?"

"कोणासाठी नाही, साहेब. आमच्या शेजारी शनवार तेली राहतात. ते शनिवारी चूल पेटवत नाहीत. तुमच्यासारखे ज्यूच आहेत ते."

साहेबांचा विश्वास बसला नाही. खरं-खोटं करायला पुढच्याच रविवारी ते वडिलांबरोबर लाँचने रेवसला उतरले, आमच्या गावी आले आणि शेजाऱ्यांच्या पडवीत दोन तास बसले. नऊवारी नेसलेल्या म्हातारीने हिब्रू प्रार्थना म्हणून दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. परत येताना मात्र बोलले ते घराबद्दलच. "पश्चिमेचं ऊन भिंतीपर्यंत पोचूच देत नाहीत हे लोक. ती पडवी किती खोल आहे, मोजलीस?" वडिलांनी मोजली नव्हती. पुढच्या सुट्टीत मोजून आणली. त्यानंतर साहेबांच्या घरांना खोल सज्जे आले. ती घरं पुढे नावाजली ती या सज्ज्यांमुळेच.

वडिलांकडे साहेबांच्या एका घराचे नऊ नकाशे होते. वडिलांनीच ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने काढलेले, पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेले. समुद्राकाठचं ते घर कधी बांधलंच गेलं नाही. विचारलं तर वडील म्हणायचे, "साहेबांनी दिले." यापुढे एक शब्द नाही. डिप्लोमाला असताना त्यातला एक नकाशा मी कॉलेजात दाखवायला मागितला, तेव्हा त्यांनी माझ्यावर हात उगारला. तसं ते आयुष्यात एकदाच वागले.

वडील गेल्यावर नळी मी इकडे मस्कतला, अल खौदच्या घरी आणली. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. बायकोच्या मैत्रिणींनी विचारलं तेव्हा 'एका जर्मन साहेबांचे नकाशे' म्हणून वेळ मारून नेली. ज्यू हा शब्द गाळला. इथे मला त्यावरून कोणी कधी काही बोललं नव्हतं, तरी गाळला.

मेल करणाऱ्या त्या बाई साहेबांवर पुस्तक लिहीत होत्या. फोनवर त्यांनी घर, सज्जे, ऑफिसातली माणसं असं बरंच विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "ते नकाशे ऑफिसातून बाहेर कसे आले, तुम्हाला माहीत आहे?"

"साहेबांनी दिले," मी म्हणालो. मलाच माझा आवाज वडिलांसारखा वाटला.

त्यानंतर काही दिवस कामात लक्ष लागेना. जिथे पिशवी उघडून दाखवावी लागत होती, तिथून नऊ नकाशांची गुंडाळी बाहेर आलीच कशी? दिले असतील तर दाखवायची एवढी भीती का? बायकोला म्हणालो, "बाबांनी चोरले असतील का गं?"

"तुझे वडील होते ते," ती म्हणाली. पण 'नाही' म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

बाई एका शुक्रवारी आल्या. एखादा गायब झाला तर कळावा म्हणून आदल्या दिवशी मी प्रत्येक नकाशाच्या मागे बारीक पेन्सिलीने आकडा टाकून ठेवला होता. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले आणि मी त्यांच्या शेजारीच ठाण मांडलं. त्यांनी पातळ हातमोजे घातले, पहिला नकाशा उलटला आणि थांबल्या. "हा आकडा ताजा आहे."

माझे कान तापले. बायको चहा आणायला आत गेली ती मुद्दामच.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी टॅबवर एक पत्र उघडलं. साहेबांनी आपल्या बहिणीला जर्मनमध्ये लिहिलेलं. वाचून त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला: परदेशी म्हणून पोलीस पुन्हा ऑफिसात येऊन गेले. माझं काम दुसऱ्यांदा कोणाच्या हाती जाऊ द्यायचं नाही. समुद्राकाठचं घर मी माझ्या ड्राफ्ट्समनच्या घरी ठेवायला दिलं आहे, कोणाला दाखवू नकोस म्हणून बजावलं आहे. तो प्रामाणिक आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण त्याच्या खोलीत कोणी शोधायला जाणार नाही.

वडील चोर नव्हते. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण लगेच राग आला. ज्यांच्यासाठी त्यांनी मुलावर हात उगारला, त्या साहेबांना ते प्रामाणिक आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हतं!

"परत मागितले नाहीत कधी?" चहा ठेवत बायकोने विचारलं.

"एकदा. तपासायला मागवले होते," बाई म्हणाल्या आणि पुढचं पत्र उघडलं. त्यात दोनच ओळी होत्या. नऊच्या नऊ नकाशे आले. मला लाज वाटली, मी ते त्यालाच परत दिले.

मी बाईंना सगळ्या नकाशांचे फोटो काढू दिले. एकच अट घातली: पुस्तकात प्रत्येक नकाशाखाली, तो काढणारा म्हणून, वडिलांचं नाव यायला हवं. त्यांनी नकाशाचा कोपरा भिंगाखाली धरला आणि तिथली वडिलांची आद्याक्षरं मलाच दाखवली. "ते मी आधीच ठरवलं होतं," त्या म्हणाल्या.

आता त्यांच्याकडच्या एका संग्रहालयाला मूळ नकाशे हवे आहेत. तिथे ते नीट राहतील, असं त्या म्हणतात. बायकोलाही तसंच वाटतं. मी त्यांना लिहून विचारलं आहे की तिथल्या खणांना कुलपं आहेत का, आणि किल्ल्या कोणाकडे असतात.