संतोषदादाच्या सायकलचा मागचा डिरेलर

१. संतोषदादा गेला त्याला आज वर्ष झालं. हार्ट अटॅक. घरी, झोपेत.
२. त्याची नवी माउंटन बाइक तेव्हा अर्धी जोडून झाली होती. ती सोलापुरात माझ्याकडे आहे.
३. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), चेन आणि मागचा डिरेलर बसवायचा राहिला आहे.
४. आपल्या सायकल ग्रुपने ती आहे तशी, हार घालून, आपल्या नेहमीच्या चहाच्या हॉटेलात टांगायचं ठरवलं.
५. मी ती टांगू देणार नाही.

ज्यांनी दादाला पाहिलं नाही त्यांच्यासाठी: घर मोडनिंबला, काम मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हचं, टेरिटरी अख्खा जिल्हा. आवाज त्याहून मोठा.

नात्याने तो माझा कोणी नव्हता. रविवारी पुढे तो, मागे मी, एवढंच.

आमचं भांडण डिरेलरवरून होतं.

डिरेलर म्हणजे मागच्या चाकापाशी लोंबणारा तो भाग, जो चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो. या सायकलला पुढे एकच चकती. त्यामुळे सगळे गिअर मागेच, आणि सगळं काम त्या एका भागावर.

क्लचवाला घ्यायचा, यावर दोघांचं एकमत. खडीवर चेन उडू नये म्हणून.

पुढचं काहीच जमलं नाही.

त्याला मागची सर्वात मोठी चकती ५१ दातांची हवी होती. लहान १० ची. फरक ४१. एवढी सैल चेन ओढून धरायला लाँग केज लागतो, म्हणजे डिरेलरचा खाली लोंबणारा पाय लांब.

माझं म्हणणं: तो पाय जमिनीच्या जवळ येतो. आपल्याकडच्या वाटांवर दगड, बाभळीच्या फांद्या, उसाचं पाचट. पाचट एकदा अडकलं की हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला टांगतो तो तुकडा, वाकलाच. मीडियम केज घे, १०-४५ कॅसेट घे.

"५१ कशाला? सोलापुरात चढ कुठे आहे, दादा?"

"आत्ता न्हाय गं लागत. साठीत लागंल. तवा तू मागनं ढकलणार हायस का मला?"

"नाही."

"मग? मॅडमचं इंजिनिअरिंग फकस्त तरण्या पोरांसाठी हाय व्हय?"

त्याने साठी पाहिली नाही. गेला तेव्हा वय एकेचाळीस.

त्याला माझा शेवटचा मेसेज: मीडियम ऑर्डर करते.
त्याचं उत्तर: व्हय की.

मी ते मान्यता म्हणून वाचलं. ग्रुपलाही तसंच सांगितलं.

मागच्या आठवड्यात मोडनिंबला दादाच्या घरी, रेखावहिनींकडे गेले. सायकल पूर्ण करू का, हे त्यांना विचारायचं होतं. सगळं ठरलं आहे म्हणून तो मेसेज दाखवला.

त्या हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा, असं त्यांच्या सासूबाई आतून म्हणाल्या.

"ताई, ह्याला तुमी होकार समजलात?"

"तसं लिहिलंय."

"ते 'व्हय' म्हणले की व्हय. 'व्हय की' म्हणले की तुमचं ऐकून घेतलं, आन करणार त्यांचंच. मी ओट्याला काळा ग्रॅनाइट सांगितला, तवाबी 'व्हय की' म्हणले हुते."

मी ओट्याकडे बघितलं.

हिरवा.

म्हणजे दादाला शेवटपर्यंत लाँग केजच हवा होता. हे आता सिद्ध झालं असं मी धरते.

मग वहिनी म्हणाल्या, "भितीला टांगून काय करायची? मला पायजे ती. शाळंत जायला."

वहिनी शाळेत शिकवतात. शाळा कालव्याच्या पलीकडच्या गावात. एसटीची वेळ जुळत नाही, आणि दादा गेल्यापासून त्या रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीवर मागे बसून जातात.

"रोज कुनाला तरी 'सोडता का' म्हणायचं. बास झालं आता."

"गिअरची सायकल चालवलीय कधी?"

"न्हाय. तुमी हाय की शिकवायला. फकस्त कालव्याच्या चढाला उतराया लागू नये. पोरं बघत असत्यात."

तो चढ मी जाऊन पाहिला. मुरमाचा, आखूड, उभा. दोन्ही बाजूला बाभूळ आणि पाचट.

हिशोब असा.

दादाच्या मनातला सर्वात हलका गिअर: पुढे ३२, मागे ५१. पेडलच्या एका फेरीत चाक ०.६३ फेरी फिरतं. आकडा जितका कमी, तितका गिअर हलका.

पुढची चकतीच २८ ची केली आणि मागे ४५ ठेवली, तर ०.६२.

म्हणजे त्याच्या ५१ पेक्षा किंचित हलका. आणि फरक ३५ दातांचा, जो मीडियम केजला पेलतो. पाय वर राहतो, पाचटात जात नाही.

आम्ही दोघं मागच्या चाकावरच भांडत राहिलो. पुढे कुणी बघितलं नाही.

उतारावरचा वेग जाईल. तो दादाला लागायचा. वहिनींना शाळेत पोचायचं आहे.

तर: मीडियम केज, क्लचवाला, बारा स्पीड, दादाने हँडलवर बसवलेल्या शिफ्टरशी, म्हणजे गिअर बदलायच्या खटक्याशी, जुळणाराच. ऑर्डर केला आहे.

ग्रुप चालवणारा समीर म्हणाला, "मुक्ता, हा त्याच्या शेवटच्या इच्छेचा अनादर आहे."

ती शेवटची इच्छा नव्हती, समीर.

चर्चा चालू होती.

त्यात पुढचं वाक्य त्याचं होतं. ते काय असतं, याचा अंदाज मला नाही, आणि मी लावणारही नाही. निर्णय मात्र सायकल चालवणाऱ्याला बघून घ्यायचा असतो, आणि चालवणारी आता वहिनी आहे.

दादा, तुझी आठवण येते. डिरेलरवर मी ठाम आहे.

या रविवारी सकाळी मोडनिंबहून कालव्यापर्यंत आणि परत. वेग वहिनींचा. कुणीही पुढे जायचं नाही.

कोण येणार, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा.