पुरुषांच्या रांगेत

गळ्यातली गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय, त्यामुळे आवाज पूर्वीसारखा राहीलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले, पाणी मागितलं, तर घशातून बेडकासारखं काहीतरी निघालं. नवऱ्याने आधी वळून दाराकडे बघितलं, कोण आलंय म्हणून. मग दोघंही हसलो. गाठ साधी निघाली होती, तेवढं हसायला पुरलं.

नवघरला घरी आल्यावर मात्र हसू आटलं. गॅसवाला फोनवर मला ‘हां भैया’ म्हणायला लागला. माझं माहेर उत्तनचं, लहानपणापासून चर्चच्या गायनवृंदात वरच्या पट्टीत गाणारी मी. आता रविवारी सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे आणि गाणं सुरू झालं की चपलेचा पट्टा नीट करत राहायचे. देवावर रुसले होते, आणि ते कबूल करायचीही लाज वाटत होती.

त्या बाकावर एक म्हातारी मावशी बसायची. चाळीस वर्षं मासळी विकताना ओरडून ओरडून तिचा घसा कायमचा बसलेला. नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नव्हता. तरी ती प्रत्येक गाणं जोरात गायची, तेही सगळ्यांच्या एक शब्द मागून.

एकदा मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर मी विचारलं, एवढं सोसून तुला गावंसं कसं वाटतं? ती म्हणाली, आधी वाटायचं नाहीच. मग ती रोज सकाळी देवाला सांगायला लागली, की आज मी आनंदात राहणार, बाकीचं तू बघ. कधी जमतं, कधी नाही.

“आवाज गेलाय तुझा, देव न्हाय गेला,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी माझ्याबरोबर गा. दोघी मिळून बेसूर गाऊ.”

गायलो. पहिल्या कडव्याला मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्याला माझं मलाच हसू आलं, आणि ते हसू कितीतरी महिन्यांनी आतून आलं होतं.

मिस्सा संपताच गायनवृंदाचे सर आमच्याकडे आले. आता बोलणी बसणार, असं वाटलं. पण ते म्हणाले, पुरुषांत खर्जात गाणारे दोनच उरलेत, येशील का?

ईस्टरला मी दोन काकांच्या मधे उभी होते. डावीकडच्या काकांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी वही हळूच माझ्याकडे सरकवली आणि माझ्या मागोमाग गायला सुरुवात केली.