जिवंत आईच्या चित्राला हार

शाळेत मी चित्रकला शिकवायचो. जळगावच्या कलादालनात प्रदर्शन लागलं की फुकटची हमालीही माझ्याच गळ्यात: लोकांना चित्रांपुढून हिंडवायचं आणि ‘यात नक्की काय काढलंय?’ या एकाच प्रश्नाला दिवसभर तोंड द्यायचं. नव्वद सालच्या आसपास मुंबईच्या चित्रकारांबरोबर माझंही एक चित्र लागलं, तेव्हा मात्र हुरूप आला. चित्र आईचं. अर्धाच चेहरा, बाकी केळीच्या पानांचा हिरवा-काळा अंधार. असोद्याच्या घरी ओसरीत तिला बसवून काढलेलं. मी काय करतो ते माझ्या माणसांनी एकदा तरी येऊन बघावं, एवढीच इच्छा होती. भुसावळला मामाकडे, दीपनगरला मावशीकडे स्वतः जाऊन सांगून आलो.

उद्घाटनाला दोघांपैकी कोणी फिरकलं नाही. आईसुद्धा म्हणाली, गर्दी ओसरली की येईन.

आमच्याकडे प्रतिमापूजनाशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. त्या दिवशी सरस्वतीची तसबीर आणायलाच संयोजक विसरले. प्रमुख पाहुणे हार घेऊन ताटकळलेले. समोर भिंतीवर मधोमध चौकटीतली म्हातारी दिसली, तसा त्यांनी तिलाच हार घातला, कपाळाला गंध लावलं आणि डोळे मिटले. मागे सगळी सभा हात जोडून उभी.

“अहो, माझी आई जिवंत आहे!” मी ओरडलो. टाळ्यांत कोणाला ऐकू गेलं असेल तर शपथ. हार काढायला धावलो, तर कलादालनाच्या सचिवांनी दंड धरला. “राहू द्या सर, साहेबांचा अपमान होईल.” आईचा झाला तो चालला! मग त्याच साहेबांना मी बाकीची चित्रं समजावून सांगितली. इतका संताप आयुष्यात कधी गिळला नव्हता. दुपारी शाळेची मुलं आली, तर त्यांच्या बाईंनी आईच्या चित्रापुढे त्यांना चपला काढायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात हार घालतानाचा फोटो आला. खाली ‘प्रतिमेस अभिवादन’. चित्राबद्दल चकार शब्द नाही. मी असोद्यालाच होतो. मामा आणि मावशी पहिल्या गाडीने दुखवट्याला हजर. मावशीने अंगणातूनच गळा काढला आणि दार उघडलं ते आईनेच.

मग चहा झाला, हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी एकटाच हसत नव्हतो. म्हटलं, आलाच आहात तर चला, खरं चित्र दाखवतो, नीट समजावून सांगतो. मामाला रेल्वेची ड्युटी आठवली. मावशीची बस चुकत होती. दोघंही निघून गेली.

“तू तरी चल,” मी आईला म्हणालो.

ती कपबश्या गोळा करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “जठी मले मेलेली धरलं, तठी मी कसी येऊ रे?”