मापातले कपडे

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणते. माणूस सोन्यासारखा, पण गिऱ्हाइकाला दिलेला वायदा पाळेल तर शपथ. ‘उद्या नक्की’ म्हणजे पुढचा आठवडा धरायचा. बहिणीला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि हाच माणूस घड्याळाच्या काट्यावर चालायला लागला. सहा वेळा सलाईनमधून औषध चढलं, केस गेले. मध्येच तापामुळे तिला पुन्हा दाखल करावं लागलं, तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग एकदाचे डॉक्टर म्हणाले, आजार दबलाय. केस परत आले, तेही कुरळे. आम्ही तिला त्यावरून चिडवलंसुद्धा.

पण दबलेला आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बहीण दिवसातून दहादा वजनकाट्यावर चढायची. पाव किलो कमी दिसलं की तिचा घास तोंडातच फिरायचा. शेवटी डॉक्टरांनीच काटा घरातून काढायला लावला. तपासणी तीन महिन्यांनी असायची. मधल्या काळात दवाखान्यातल्या सिस्टर पंधरा दिवसांनी फोन करून विचारपूस करत. मास्तर त्या वेळी दुकानात असायचे.

परवा सुट्टीमुळे ते घरी होते, बटणं लावत बसले होते. मीही गेले होते. फोन आला, बहिणीने स्पीकर लावला.

“ताप?”

“नाही.”

“रात्री घाम?”

“नाही.”

“कपडे सैल होतायत का?”

“छे हो, अगदी मापात बसतात.”

मला कुठे गप्प बसवतंय! मी मध्येच म्हणाले, “उलट अंगाने भरलीय जरा.”

मास्तरांच्या हातातली सुई थांबली. “सिस्टर, फोन ठेवू नका,” ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. “कपडे मापात आहेत, कारण मी ते आत घेतोय. दोन महिन्यांत तीनदा घेतले.”

बहीण फोन हातात धरूनच त्यांच्याकडे वळली.

मग त्यांनी अडखळत सगळं सांगितलं. एकदा तिचा ड्रेस कमरेत लोंबताना त्यांना दिसला. तिच्या लक्षात आलं तर ती धसका घेईल, जेवण सोडेल, म्हणून इस्त्रीच्या निमित्ताने तो दुकानात नेला आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी अर्धा-अर्धा इंच आत घेतल्या. मग एकच नीट बसला तर तिला संशय येईल, म्हणून सगळेच घेतले. उन्हाने भूक गेली असेल, होईल ठीक, अशी मनाची समजूत घालत राहिले. सिस्टर हाच प्रश्न विचारतात, हे त्यांना आज कळलं.

“एकूण किती?” सिस्टरने विचारलं.

“कमरेत तीन इंच.”

“उद्या सकाळीच घेऊन या.”

फोन बंद झाला. बहीण उठली, कपाटातले सगळे ड्रेस आणून त्यांच्या मांडीवर टाकले आणि म्हणाली, “उसवा. आत्ताच्या आत्ता.” माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मास्तर एकेक शिवण उसवत बसले. तीन मिनिटांच्या कामाला त्यांना अर्धा तास लागत होता. मला स्वतःच्या जिभेचा राग येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक ड्रेस घालून ती दवाखान्यात आली. ती किती वाळली होती ते तेव्हा दिसलं. डॉक्टरांना तिच्या काखेत गाठ लागली. तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट चार दिवसांनी.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. मास्तरांनी मला हळूच विचारलं, “ताई, माझ्यामुळे दोन महिने वाया गेले का हो?”

मी एरवी कुणाला उत्तराची उधारी ठेवत नाही. पण तेव्हा मी बहिणीची फाईल उगाच चाळायला लागले.

बहिणीने ऐकलं होतं. ती समोर बघतच म्हणाली, “ते रिपोर्ट आल्यावर कळेल. पण यापुढे घाबरायचं असेल, तर आधी मला सांगायचं. माझ्यापासून लपवून एकट्याने घाबरायचं नाही.”

मास्तरांनी मान हलवली.

“आत्ता फार घाबरलोय गं,” ते म्हणाले.

“मीपण,” ती म्हणाली आणि त्यांच्याजवळ सरकली.