धाकटीची रंगीत तालीम

गल्लीत तिला धाकटी म्हणत. शिवणाचं दुकान दोघी जावा चालवत आणि दुसरीला आधीच थोरली म्हणून झालं होतं, तेव्हा हिच्या वाट्याला उरलं ते नाव हिने घेतलं. तशी तिच्या वाट्याला नेहमी उरलेलंच यायचं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच कारखान्यात एकाच पाळीला. घरात त्यांना कुणी काही विचारत नसे आणि त्यांनाही ते बरंच वाटे.

दुकान सासूने काढलेलं. तिच्या काळात तिथे नाटक कंपन्यांचे कपडे शिवले जात. राजाचे झगे, सेनापतीचे कोट, विदूषकाची ठिगळं. ठिगळांना सगळ्यात जास्त मेहनत, कारण फाटकं दिसायचं ते फाटून चालत नाही. काय दिवस होते! पुढे कंपन्या बुडाल्या, राजे पोटापाण्याला लागले, पण दुकानात भाषा मात्र रंगभूमीचीच राहिली. कपडा पहिल्यांदा अंगावर चढवून बघायचा, त्याला या जावा अजून ‘रंगीत तालीम’ म्हणत. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राही, धाकटी तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरे, आणि तालमीत घातलेला टाका प्रयोगापर्यंत हलत नसे. हा त्या दुकानाचा कायदा.

काम वाटलेलं होतं. धाकटी कापायची, थोरली बोलायची. “कापड कात्रीने कापता येतं गं, गिऱ्हाईक कापायला जीभ लागते,” असं थोरली म्हणायची आणि ते खरं होतं. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. थोरलीने त्यात गिऱ्हाइकांची मापं भरून ठेवली होती. दुपारी ती लवंडली की धाकटी त्याच्यासमोर बसून आपले नमुने काढायची: कॉलर, बाह्या, खांद्याचा उतार. त्या उताराला तोड नव्हती. पोक काढून चालणारा माणूस तिच्या कोटात शिरला की सेनापती होऊन बाहेर पडायचा. कागदावरचे जुने नमुने थोरलीनेच रद्दीत घातले होते. “कागद कसर खाते. हे मशीन खात नाही.”

मग थोरलीला समोरच्या फुटपाथवर काचेचं दुकान मिळालं. जाताना तिने मोठा आरसा नेला, चांगलं शिलाई मशीन नेलं आणि गिऱ्हाइकं तर न सांगता मागोमाग गेली. कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाली, “हा डबा राहू दे तुलाच. लागली मापं तर मी येईन की. समोर तर आहे.”

ती गेली आणि दोन-चार दिवसांत वीज गेली. आली तेव्हा डब्याने पासवर्ड मागितला. रोज सकाळी तो थोरली सुरू करायची, धाकटीला कधी गरजच पडली नव्हती. ती रस्ता ओलांडून गेली. काचेच्या दुकानात गाद्यांवर बायका बसल्या होत्या, त्यातल्या निम्म्या परवापर्यंत हिच्या स्टुलावर बसत.

“ताई, त्या कॉम्प्युटरला पासवर्ड काय ठेवलाय तुम्ही?”

थोरलीने गळ्यातली टेप सारखी केली, मान वळवली आणि नाचऱ्या सुरात म्हणाली, “विसरले!”

आणि खदाखदा हसली. ती हसली म्हणून बायकाही हसल्या.

बस्स. तो सूर धाकटीच्या कानात जाऊन बसला तो बसलाच. परत येताना तिने मनाशी ठरवलं, त्या काचेत पुन्हा पाय ठेवीन तर सासूची सून नव्हे. माझे नमुने अडकवते काय? कापताना प्रत्येक ‘करकच’ला तिला थोरलीची जीभ दिसू लागली. काजं करताना ती सुई जरा जास्तच जोरात खुपसू लागली. एका सदऱ्याच्या कफाला तर तिने इतकं घट्ट बटण लावलं की गिऱ्हाईक म्हणालं, “बाई, हे माझ्या नातवाच्या सदऱ्यालाही काढून लावता येईल.” आणि एकांतात ती एक वाक्य घोकायची. कधीतरी थोरली मापांसाठी येईल. तेव्हा तोच शब्द, त्याच सुरात, तशीच मान वळवून तिला परत करायचा. मान वळवण्याचीसुद्धा ती सवय करत होती.

शेजारी घड्याळवाले काका. डोळ्याला भिंग, जिभेला धार. त्यांच्या कॉम्प्युटरवर फुकटातली सिस्टिम होती आणि तिचं कौतुक ते घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्यालाही ऐकवत. “हिचा मालक कुणीच नाही. ज्याने त्याने तुकडा तुकडा शिवून दिलाय. गोधडी म्हणा ना! कुणीही घ्या, उसवा, पुन्हा शिवा.”

धाकटीने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. काकांनी भिंग कपाळावर चढवलं.

“पासवर्ड म्हणजे पुढच्या दाराचं कुलूप. आपण मागच्या खिडकीने जाऊ.” त्यांनी ड्रॉवरमधून एक पेनड्राइव्ह काढला. “या एवढ्याशात अख्खी सिस्टिम आहे. हा लावा, मशीन सुरू करा आणि वरच्या ओळीतलं शेवटचं बटण टकटक दाबत राहा. कुठून सुरू होऊ असं ते विचारेल, तेव्हा हा निवडा. आत गेलात की जुनं सगळं सामान दिसेल. तुमचं तेवढं काढून घ्या. मग नवी सिस्टिम कायमची बसवा.”

“आणि तिचं सामान?”

“बसवताना ‘सगळं पुसून बसवा’ म्हटलंत तर पुसलं जाईल.”

धाकटीच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की काकांनी भिंग पुन्हा डोळ्यावर घेतलं.

“एक लक्षात ठेवा बाई. पेनड्राइव्हवरून सुरू केलंत की तो प्रयोग नाही. ती रंगीत तालीम समजा.”

“कळलं,” धाकटी म्हणाली. तिला नाही कळणार तर कुणाला?

दुपारी तिने अर्धं शटर ओढलं. पेनड्राइव्ह लावला, बटण टकटकवलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसरत गेल्या, क्षणभर सगळं अंधारलं, आणि मग पडदा उघडला! निळं, स्वच्छ, कुणाचंच नसलेलं अंगण. पासवर्ड नाही की काही नाही. कडेला जुन्या डिस्कचं चित्र होतं, त्यावर टिचकी मारली तर आत सगळं जसंच्या तसं. तिचे नमुने. कॉलर, बाह्या, तो खांद्याचा उतार. खूप दिवसांनी माहेरी आल्यासारखे तिचे डोळे भरून आले.

शेजारीच थोरलीचं ‘मापं’. उघडून पाहिलं तर गल्लीतली एकूण एक छाती आणि कंबर तिथे होती. बँडमास्तर आणि त्याचा अख्खा ताफाही होता. धाकटीने नमुने उचलून समोरच्या निळ्या अंगणात ठेवले. मापांना हात लावला नाही. ते हात न लावणं फार गोड होतं.

मग ती नवी सिस्टिम बसवू लागली. मशीनने चक्क मराठीत विचारलं: जुन्याच्या शेजारी बसवू, की सगळं पुसून बसवू?

“शेजारी?” धाकटी मोठ्याने म्हणाली. “समोर आहे तेवढी पुरे नाही का?”

आणि तिने ‘पुसून’वर टिचकी मारली. पट्टी हळूहळू भरत गेली. एकेक छाती, एकेक कंबर पुसली जात असेल, या विचाराने ती खुर्चीत पाय हलवत बसली. शेवटी मशीन म्हणालं, पेनड्राइव्ह काढा. तिने काढला. मशीन बंद झालं, सुरू झालं, तेच निळं अंगण आलं.

अंगण रिकामं होतं.

तिने कोपरे पाहिले. पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. मग अर्ध्या शटरखालून वाकून तशीच काकांकडे गेली.

“काका, मी नमुने काढून समोर ठेवले होते. गेले कुठे?”

“समोर म्हणजे? तिथल्या तिथेच? दुसऱ्या पेनड्राइव्हवर नाही घेतले?” काकांच्या हातातला चिमटा थांबला. “बाई, तालीम म्हटलं होतं ना मी! मशीन बंद झालं, दिवे गेले, की तालमीतलं काय राहतं?”

“आमच्यात राहतं!” धाकटी किंचाळली. “तालमीतला टाका हलत नाही आमच्यात!”

काकांनी चिमटा खाली ठेवला. दुकानातली सगळी घड्याळं बोलत राहिली.

धाकटी रडली नाही. तिने हिशेब केला: आपलं गेलं, पण तिचंही गेलं. नाक कापून अपशकुन करायचा तर नाक जाणारच. आता तिच्याजवळ ते घोकलेलं एक वाक्य तेवढं उरलं होतं आणि ते म्हणायची वेळ लवकरच आली. बँडमास्तरने थोरलीला अख्ख्या ताफ्याच्या नव्या कोटांचं काम दिलं. थोरली रस्ता ओलांडून आली आणि सवयीने थेट आतच शिरली.

“अगं, बँडवाल्यांची मापं हवीत. जरा लाव तो डबा.”

धाकटीने कात्री खाली ठेवली. सावकाश मान वळवली. “पासवर्ड?” नाचऱ्या सुरात ती म्हणाली. “विसरले!”

आणि खदाखदा हसली. सूर पक्का होता, मान पक्की होती, जागच्या जागी टाळी पडावी असं काम झालं.

थोरली म्हणाली, “मग टाक ना तो.”

“काय टाक?”

“विसरले. इंग्रजी अक्षरांत, जोडून. तोच तर आहे. मी सारखी विसरायचे म्हणून ‘विसरले’ हाच ठेवला होता.”

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचण्या सगळ्या धाकटीच्या काळजात होत्या.

“मग तेव्हा हसलात का?”

“हसू आलं म्हणून. वाटलं, तुला कळेल.” थोरलीने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर खोटं बोलायला अवघड जातं. “नाही कळलं हे मला कळलं होतं. म्हटलं, राहू दे. बघू किती दिवस अकडते.”

“फार दिवस अकडले,” धाकटी म्हणाली. “सगळं पुसलं. तुमची मापं गेली, माझे नमुनेही गेले.”

थोरली मटकन त्या जुन्या स्टुलावर बसली. काम घेऊन बसलेली, मापं नाहीत, आणि सेनापतीचा तो उतार काचेच्या दुकानात कुणाच्या बापाला कापता येत नव्हता. धाकटीने हे सगळं तिच्या चेहऱ्यावर वाचलं, आणि विझलेल्या चुलीत निखारा सापडावा तसं झालं तिला. नमुने मशीनमधून गेले होते, हातातून नव्हते.

“कोट इथे कापले जातील,” ती म्हणाली. “आतल्या पट्टीवर या दुकानाचं नाव. मोठा आरसा परत येईल. बँडवाले इथे येतील, मी मापं घेईन, तुम्ही ती उतरवून घ्याल.”

“मी? तुझ्या हाताखाली?”

“समोर काचेत बसून उतरवणार असाल तर मला ओरडून सांगावं लागेल. गल्लीला ऐकू जाईल.”

आरसा आला. ढोलवाला, तुतारीवाला, झांजवाला एकामागून एक उभे राहिले. धाकटीने आदल्या दिवशीच नव्या सिस्टिमला पासवर्ड घालून ठेवला होता. थोरली की-बोर्डपाशी बसली.

“पासवर्ड काय ठेवलास?”

“सांगणार नाही.”

“अगं, मापं कुठे उतरवू मग?”

“सांगणार नाही म्हटलं ना, ताई.”

थोरलीचा चेहरा लाल झाला. तिने रागारागाने जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, पाठकोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीने ढोलवाल्याचं पोट लिहायला घेतलं. मग तुतारीवाल्याची छाती. मग झांजवाल्याचे दंड. अख्खा ताफा तिने असा हाताने लिहून काढला. शेजारी मशीन उघड्या डोळ्यांनी वाट बघत होतं, दोन शब्दांची, इंग्रजी अक्षरांत, जोडून.

धाकटी बँडमास्तरच्या खांद्यावर तो उतार टाचत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे हसता येत नव्हतं. त्या दिवशी तिला दुःख म्हणावं असं तेवढं एकच होतं.